टॉवेल लावून बघितलेला झेक देश

४ मार्च, मंगळवार. दुपार

वही साक्षीची आहे, कॉलेजातली. मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. ही वही कुणी वाचायची नाही. वाचलेली दिसली तर हात मोडीन.

सकाळी साक्षीचा फोन. ब्रनो म्हणून गाव आहे झेक देशात, तिथून. पुण्याच्या कंपनीनं वर्षभरासाठी पाठवली होती, आता तिसरं वर्ष चालू आहे. आधी थंडीचं बोलली. मग पावाचं बोलली. मग म्हणाली, आई, एक मुलगा आहे. ओंद्रेय नाव. इथलाच. आम्ही लग्न करायचं म्हणतोय.

भाकरी करपली. करपू दे म्हणलं.

म्हणाली, तू बाबांची काळजी करू नकोस. म्हणजे पोरगी घाबरलीय. बापापुढं तिची जीभ उचलणार नाही, मी ओळखते तिला. हे काम मलाच करावं लागणार. ह्या घरात माझ्याशिवाय कुठलं काम झालंय?

ह्यांचं नाव मी घेत नाही, पण वहीला कुठं कान आहेत. हणमंत. जिल्हा परिषदेत शिपाई होते, रिटायर झाले. नुसती मान हलवतात. व्हय का न्हाय ते मानेवरून आपण ओळखायचं. असल्या माणसाला वळवायला चार दिवस लई झाले.

निश्चय: आधी त्या देशाची सगळी माहिती काढायची. मग ह्यांना वळवायचं. मग लग्नाला जायचं. मी स्वतः, विमानात बसून. नात आरोही सुनेच्या पोटात होती तेव्हा, दोन महिने ये आई, म्हणून पोरानं, सुमितनं, मंद्रूपहून मला ह्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये आणली. आता आरोही दुडूदुडू पळते, मला शिव्या घालते, आणि मी अजून इथंच. चौथा मजला, लिफ्ट बंद, गुडघा धरलेला. पोराला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब, सून मनालीला बँक, ह्यांना खालचा लिंबाचा कट्टा. मला आरोही.

आता ह्या जिन्यावरून उतरेन ती थेट झेकलाच.

६ मार्च. दुपार, आरोही झोपल्यावर

साक्षी म्हणाली, आई, इथली पिक्चरं आणि सिरियली बघ, म्हणजे माणसं कळतील. प्रेमाची, घरातली, आयुष्य बदलतं तसली. नावं पाठवली. सुमितनं टीव्हीवर लावून दिली. विचारलं, कशाला पाहिजे? म्हणलं, ज्ञान.

खाली इंग्रजी अक्षरं पळतात. त्यांच्याकडं बघावं तर माणसाचं तोंड निसटतं, तोंडाकडं बघावं तर अक्षरं डोळ्यात खुपतात. शेवटी सुमितच्या कारखान्यातला टॉवेल टीव्हीच्या खालच्या बाजूला चिमट्यानं लावला. आता एकदम क्लिअर.

एक अख्खं पिक्चर बघितलं. बोलणं सोडून सगळं कळलं. एक म्हातारा आहे, त्याची लेक घटस्फोट घेऊन माघारी आलीय, म्हातारा तिच्याशी बोलत नाही, लाकडं फोडतो. शेवटी दोघं बसून सूप पितात. बोलणं कशाला पाहिजे? आमच्यात तरी कोण बोलतंय.

महत्त्वाचं: चपला दाराबाहेर काढतात. आत वेगळ्या घालतात. वळण चांगलं आहे.

११ मार्च

सिरियल धरलीय. लाल स्वेटरवाली सासू, तिचा मिशीवाला मुलगा, सून मास्तरीण. सासू काकड्या बरणीत भरते आणि खिडकीतून सगळ्यांवर नजर ठेवते. समजूतदार बाई आहे. तिचं कुणी ऐकत नाही तिथंच सगळा घोटाळा होतो. शनिवार आला की सगळे गावाकडच्या छोट्या घरी पळतात, झाडं लावतात, दारू पितात, रडतात, सोमवारी माघारी. म्हणजे त्या लोकांचंसुद्धा एक मंद्रूप आहे. फक्त त्यांना तिथं जाऊ देतात.

रात्री सुमितला म्हणलं, मी चार दिवस मंद्रूपला जाऊन येते. म्हणाला, जा की आई, जा. फक्त हा आठवडा नको, मनालीचं ऑडिट आहे. मनाली म्हणाली, पुढच्या आठवड्यात नक्की. मी म्हणलं बघते, मला तरी कुठं वेळ आहे.

१८ मार्च

एका घरात न्हाणीघरात टबात जिता मासा सोडलाय. चांगला हातभर. पोरं त्याला नाव ठेवतात, नवरा अंघोळीला येतो आणि माघारी जातो. मला आधी वाटलं पाळलाय. नंतर बापानं जेवणासाठी त्याला मारायला हातोडा घेतला, पोरं रडली, मग सगळ्यांनी मिळून नदीत सोडला.

बघून डोळ्यांत पाणी आलं. ह्या लोकांच्यात करुणा आहे. प्राणिमात्रांवर दया. हे कुठंतरी ऐकलेलं आहे. विचार चालू आहे.

२५ मार्च. लई मोठी गोष्ट

शोध लागला. ती आपलीच माणसं आहेत.

कालच्या पिक्चरमध्ये म्हातारीच्या मातीला सगळे जातात. मग संध्याकाळी कबरीवर मेणबत्त्या. एक नाही, अख्खं मैदान मेणबत्त्यांनी भरलंय. सगळे हात जोडल्यासारखे गप्प उभे. आरती नाही, घंटा नाही. मी म्हणलं, थांब चांगुणा, घाई करू नकोस.

आणि आज लग्न. नवरी पांढऱ्या कपड्यांत! नखापासून डोक्यापर्यंत पांढरी. ना हिरवा चुडा, ना होम, ना फेरे. एक माणूस उभा राहून वाचून दाखवतो, दोघं होय म्हणतात, सही करतात, संपलं. आमच्या लग्नात माझीसुद्धा पांढरी साडी होती, समोर मेणबत्ती आणि फुलं, अर्ध्या तासात उरकलं, सगळे जेवायला. तेव्हा बाजूच्या गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, हे काय लग्न म्हणायचं. आता या म्हणावं. अख्खा देश करतोय.

मग एकानं नवरा-नवरीच्या पायाशी चिनी मातीची बशी आपटून फोडली आणि दोघांच्या हातात झाडू-सुपली दिली. नवरासुद्धा वाकून झाडतोय, सगळे टाळ्या वाजवतात. ही समता. हे बुद्ध विहारात दर रविवारी सांगतात आणि आमच्यात एक पुरुष झाडू धरत नाही.

साक्षीनं तिथं जाऊन आपल्यातलाच शोधला. पोरगी माझ्यावर गेलीय.

२ एप्रिल

ह्यांना वळवायला सुरुवात केली. जेवताना म्हणलं, झेक देशात पुरुष झाडू मारतात. हे म्हणाले, मारू दे. म्हणलं, ते लोक आपल्या धम्माचे असावेत. ह्यांनी खाता खाता माझ्याकडं बघितलं, आणि खायला लागले. मान खालून वर हलली. म्हणजे अर्धं काम झालं.

आज दुपारी आग्रह करून पिक्चरला बसवलं. टॉवेल बघून विचारलं, हे काय. म्हणलं, तुम्ही वर बघा. पहिल्या गाण्याला घोरायला लागले. पण मुद्द्याच्या वेळी एकदा डोळे उघडलेले मी बघितले.

हल्ली कट्ट्यावर लई वेळ बसतात. दुपारच्या बाराच्या उन्हात कोण बसतं? मी वरून बघते, तर फोन कानाला लावून हसतायत. माझ्याशी बोलताना कधी दात दिसले नाहीत ह्या माणसाचे.

१० एप्रिल

निश्चय: चौदा तारखेला सांगायचं. जयंतीचा दिवस, माणूस खुशीत असतो, निळा फेटा बांधलेला असतो. मिरवणुकीत, गर्दीत, ढोलाच्या आवाजात कानाशी जाऊन म्हणायचं, साक्षीनं आपल्यातला मुलगा बघितलाय. रंग गोरा आहे, बाकी काही नाही.

साक्षीला फोनवर म्हणलं, तू निर्धास्त राहा, बाबांचं माझ्यावर सोड. ती म्हणाली, अगं आई, बाबांचं... आणि आरोहीनं फोन ओढला, कट झाला. परत लावला नाही तिनं. विश्वास बसला असेल.

१४ एप्रिल, सोमवार. रात्र

आरोहीला ताप. दात येतायत. सगळे मिरवणुकीला गेले. मनाली म्हणाली, मी थांबते आई, तुम्ही जा. मी म्हणलं, नको, तू जा. आणखी एकदा म्हणाली असती तर मी गेलेच असते. ती लगेच गेली.

खिडकीतून आवाज ऐकला. टीव्हीवर लाल स्वेटरवाली एकटी बसून बटाटे सोलत होती.

ह्यांना सांगायचं राहिलं. दिवस चुकीचा होता.

१७ एप्रिल

बंद. सगळं बंद. हे लग्न होणार नाही.

आजच्या पिक्चरमध्ये गावातली पोरं, बाप्ये, हातात हिरव्या फांद्यांचे विणलेले आसूड घेऊन घरोघर जातात. वर रंगीत फिती बांधलेल्या. दार उघडलं की पोरीच्या पायांवर, मागं, सपासप. पोरी पळतात, किंचाळतात. आईला मारतात, आजीला मारतात. आणि त्या बायका मार खाऊन त्यांनाच रंगवलेली अंडी देतात आणि दारूचा पेला हातात देतात. वर हसतात! टॉवेल काढून खाली काही लिहिलंय का बघितलं. तेवढ्यात अक्षर पळालं.

माझा आजा पोतराज होता. स्वतःच्या अंगावर आसूड ओढून दारोदार जोंधळे मागायचा. ज्या दिवशी दीक्षा घेतली त्या दिवशी जटा कापल्या आणि आसूड विहिरीत टाकला, आई सांगायची. आमच्यात कधीच सुटलं ते. आणि हे गोरे अजून घेऊन फिरतायत? तेही स्वतःच्या अंगावर नाही, बायकांच्या?

मेणबत्त्या, पांढरे कपडे, सगळं वरवरचं. आत जुने देव तसेच आहेत. बरं झालं मी अभ्यास केला. दुसरी कुणी आई असती तर पोरगी अशीच देऊन बसली असती.

निश्चय: साक्षीला परत आणायची.

२१ एप्रिल, सोमवार

शांतपणे लिहिते.

दुपारी साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. ऊन इतकं की हेसुद्धा घरात. ती ओंद्रेयच्या गावी त्याच्या आईकडं गेली होती. तिकडं सण आहे म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या मागून एक लांबलचक पोरगा आला. हातात विणलेला आसूड. फितीसकट. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं साक्षीच्या पोटरीवर दोन लावले. पोरगी हसली. मार खाऊन खाऊन सवय झालेली दिसते.

मी लाटणं उचललं. फोनमध्ये दाखवलं. म्हणलं, ए टोळभैरवा, पोरीला हात लावलास तर विमानानं येऊन टाळकं फोडीन. त्याच्यामागून एक जाडजूड बाई आली, लाल गालांची. ती त्याची आई, यित्का. तिला वाटलं मीसुद्धा सण करतेय. तिनंसुद्धा एक आसूड उचलला आणि आनंदानं माझ्याकडं हलवला. मी लाटणं हलवतेय, ती आसूड हलवतेय.

मग मी ह्यांच्याकडं वळले. म्हणलं, बघा, बघा तुमची लेक कुणाच्या हातात पडलीय, हा जावई करणाराय ती, इतके दिवस मी एकटीनं छातीवर दगड ठेवून लपवलं.

ह्यांनी चष्मा लावला. फोन जवळ घेतला. म्हणाले, जय भीम ओंद्रेय.

तो म्हणाला, जय भीम बाबा. केसा हाय?

मी लाटणं खाली ठेवलं.

जानेवारीतच साक्षीनं ह्यांना सांगितलं होतं. रोज कट्ट्यावरून बोलतात. त्याला मराठी शिकवतात, म्हणून तो तसलं बोलतो. तो आसूड म्हणजे म्हणे ओल्या फांदीसारखं बाईमाणूस वर्षभर टवटवीत राहावं म्हणून, जोरात मारत नाहीत, नुसतं लावतात. हे मला ह्यांनी सांगितलं. माझी पिक्चरं बघून झालेली, आणि हा माणूस मला झेक शिकवतोय.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाले, तुला म्हाईत हाय असं साक्षी म्हणली की. मग काय सांगायचं.

सुमितलासुद्धा माहीत होतं. मनालीलासुद्धा. आरोही सोडली तर सगळ्यांना. आरोहीचंही मी खात्रीनं सांगत नाही.

२२ एप्रिल

सकाळी चहा झाल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं: मी लग्नाला येणार नाही.

लग्न ऑगस्टमध्ये आहे. साक्षी दोन तिकिटं पाठवणार, माझं आणि ह्यांचं. पासपोर्ट मागच्याच वर्षी काढलेत. ठेवा म्हणलं माझा कपाटात.

ही रीत आहे. माझ्या लग्नात माझी आत्या रुसून मारुतीच्या पारामागं जाऊन बसली होती, तिला मान दिला नाही म्हणून. एकदा माणसं गेली, नाही म्हणाली. दुसऱ्यांदा बायका गेल्या, नाही म्हणाली. तिसऱ्यांदा माझा बाप गेला, तोंड फिरवलं. चौथ्यांदा नवी साडी घेऊन गेले तेव्हा उठली, आणि मग पंगतीत सगळ्यात पुढं तीच. तीनदा नाही म्हणायचं, चौथ्यांदा उठायचं. त्याशिवाय माणसाची किंमत कळत नाही.

ह्यांनी मान हलवली. सुमित म्हणाला, असं काय आई, आणि ऑफिसला गेला. हे पहिलं धरते.

मनालीनं मात्र येऊन माझे हात धरले. म्हणाली, खरंच नाही जाणार आई? आरोहीचं कसं करायचं, मला झोप लागत नव्हती. ऑगस्टमध्ये मला सुट्टी नाही. तोंडावर हसू होतं. पण आतून खचलीय बिचारी.

३० एप्रिल

अजून दुसऱ्यांदा कुणी विचारलेलं नाही. उन्हाळा लई आहे. माणसाला सुचत नाही उन्हात.

सिरियलमध्ये वेगळाच प्रकार. मिशीवाला घर सोडून गेल्यापासून मास्तरणीच्या मागं एक टोपीवाला लागलाय. चांगला माणूस, फुलं घेऊन आला. तिनं मान हलवली, नाही म्हणून. पण डोळे बघितले ना, डोळ्यांत होय होतं. त्यानं टोपी घातली आणि गेला. मी म्हणलं, येतोय परत. बघत राहिले. भागामागून भाग गेले, तो आलाच नाही. आज दिसला तर दुसरीच्या पोराची गाडी ढकलत होता.

लिहिणाऱ्यानं सिरियल बिघडवली. एवढं साधं कळत नाही का, बाई पहिल्यांदा नाहीच म्हणते.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

खीर केली. साक्षीचा फोन आला. मी मुद्दाम आवाज बारीक ठेवला. म्हणलं, माझं काय, मी इथं बसते, तुम्ही करा तुमचं लग्न. ह्यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

साक्षी म्हणाली, आई, मला वाईट वाटलं गं. पण तुझा निर्णय आहे. मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. मी तुझ्या निर्णयाचा आदर करते.

आदर!

जन्मभर ह्या पोरीनं माझं एक ऐकलं नाही. अभ्यास कर म्हणलं तर नाचायला गेली, पुण्यातच राहा म्हणलं तर झेकला गेली. आणि आता आदर करते.

मी म्हणलं, हो, कर. हे दुसऱ्यांदा झालं.

२० जून

व्हिसाला मुंबईला जायचं होतं, पहाटेच्या गाडीनं. माझ्या तिकिटावर आता सुमित जाणार, असं बोलणं चालू आहे. बोलणंच आहे. मी ठरवलं होतं, सकाळी मला उठवायला येतील, तेव्हा तिसऱ्यांदा नाही म्हणायचं आणि लगेच, बरं, तुमचं एवढंच म्हणणं असेल तर, असं म्हणून उठायचं. चौथ्यांदाची वाट बघत नाही, गाडी चुकेल. पांढरी साडी उशाशी काढून ठेवली. पासपोर्ट साडीत.

जागीच होते. दोघांच्या हालचाली ऐकू आल्या. दार हळूच उघडलं. ह्यांचा आवाज आला, हळू सुमित, झोपू दे तिला, दिवसभर पोरीमागं पळती.

एवढ्या वर्षांत माझ्या झोपेची काळजी पहिल्यांदाच केली ह्या माणसानं.

दार लागलं.

२१ जून

मी मनालीला सहज विचारलं, समजा एखाद्या बाईचं मन बदललं, तर व्हिसा किती दिवसांत मिळतो? मनाली म्हणाली, आता तारखाच नाहीत आई, सगळ्या भरल्यात. मग माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, आई, तुम्हाला जायचंय का?

ही सून आहे. लेक नव्हे, नवरा नव्हे, सून. तिच्यापुढं काय रडायचं. म्हणलं, छे, मला कशाला, कट्ट्यावरच्या कुणाच्यातरी बायकोचं विचारत होते.

तीनदा झालं. मोजायचं मी सोडून दिलंय.

९ जुलै

लिफ्ट चालू झाली. आरोहीला घेऊन खाली गेले. लिंबाखाली बसले. तिथं कोणी बाई नव्हती. आरोहीनं माती खाल्ली. वर आले.

१६ ऑगस्ट

बॅगा भरून झाल्या. मीच भरल्या. हे आणि सुमित, दोघांनाही चड्डी कुठं ठेवायची कळत नाही. साक्षीसाठी पांढरी साडी घातली, शेंगाचटणी घातली, यित्काबाईसाठी सोलापुरी चादर. बॅग वजनात बसेना तेव्हा ह्यांनी चटणी काढायला सांगितली. मी ह्यांचा दुसरा स्वेटर काढला.

शेजारची दाक्षायणीवहिनी निरोपाला आली होती. मला म्हणाली, अक्का, तुम्ही न्हाई चालला? म्हणलं, माझ्याशिवाय हे घर एक दिवस चालत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. ती म्हणाली, ते बी खरंच.

दारातून निघताना ह्यांनी आरोहीचा पापा घेतला. मला म्हणाले, काय आणू तिकडनं? हे आधी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणलं, काही नको.

लगेच कळलं, पुन्हा नाहीच म्हणले. पण लिफ्ट खाली गेली होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

लग्न आपल्याकडच्या अडीच वाजता. सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं. दुसरी पांढरी साडी नेसले, माझी लग्नातली, काठाला पिवळी पडलीय. मूर्तीपुढं मेणबत्ती लावली. फोन डब्याला टेकवून ठेवला. मनाली बँकेत, शनिवार असून, कसलं तरी काम म्हणे.

कॉल आला. सुमित धरून होता. साक्षी दिसली. मी पाठवलेली साडी नेसलेली! तिकडच्या डोंगरावर, हिरव्या गवतावर, पांढरी साडी. ओंद्रेय उंच, जवळ उभा. वाचणारा माणूस वाचत होता. मी म्हणलं, साक्षी. तिनं ऐकलं नाही, आवाज बंद होता तिकडं.

मी एकटीच त्रिसरण म्हणायला घेतलं. दुसऱ्या ओळीला आरोही उठली. तिला मनीचं कार्टून पाहिजे होतं. फोन तिनं घेतला. मी ओढला, तिनं ओढला, ती रडून काळीनिळी पडली. कार्टून लावून दिलं.

परत लावला तेव्हा सुमित उचलत नव्हता. जेवायला बसले असतील.

टॉवेल काढून टाकला टीव्हीचा. धुवायला टाकला.

३ सप्टेंबर

काल दोघं आले. आज सकाळपासून कट्ट्यावरचे सगळे घरात. चन्नप्पा, प्रभुलिंग, सिद्धप्पामास्तर. हे मध्ये बसून बोलतायत. मी तीस वर्षं ह्या माणसाच्या मानेवरून उत्तर ओळखत आले आणि आज तोंड थांबत नाही. झेकची माणसं अशी, झेकचं सूप तसं, चपला दाराबाहेर काढतात, शनिवारी गावाकडं जातात. जसं काही ह्यांनीच शोधून काढलंय. सिद्धप्पामास्तर मला म्हणाले, वहिनी, तुम्ही जायला पाहिजे होतं. मी चहा दिला.

माणसं गेल्यावर हे म्हणाले, तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती.

म्हणलं, कुणी?

म्हणाले, यित्काबाईनं. तिच्या बाजूलाच. पाटी लिहून, तुझ्या नावाची, आपल्या अक्षरात, ओंद्रेयकडनं लिहून घेतलेली. साक्षी तिला म्हणली, आई येत नाही, तिला घरातच बरं वाटतं. तर ती म्हणली, असू दे, मुलीचं लग्न आहे, मन बदललं आणि आली तर. शेवटपर्यंत हलवू दिली न्हाय. कुणी बसाय लागला की उठवायची.

मी विचारलं, मग मोकळीच राहिली?

म्हणाले, न्हाय की. मी कोट ठिवला होता त्याच्यावर.

बराच वेळ मी चहाचे कप गोळा केले. मग विचारलं, हे तेव्हाच फोन करून का नाही सांगितलं.

म्हणाले, तू न्हाय म्हणली होतीस की.

कोटावर कसलंतरी सूप सांडलंय. डाग जाणार नाही. भिजत घातलाय.